एकही रिपोर्ट हरवता कामा नये

२ सप्टेंबर, मंगळवार

आज एकशे चाळीस मुलांचे रिपोर्ट चढवले आणि एकसष्टच पोचले. उरलेले एकोणऐंशी कुठे गेले ते मला सांगता येत नाही, आणि या हॉस्पिटलात कम्प्युटर मी सांभाळते, म्हणजे ते सांगण्याचं काम माझंच आहे.

झालं असं. विक्रमगडकडच्या एका आश्रमशाळेतून सिकलसेल तपासणीसाठी रक्ताच्या ट्यूब आल्या होत्या. खंडेराव सरांनी त्या मशीनवर लावल्या. खंडेराव गरुड म्हणजे आमच्या लॅबचे मुख्य टेक्निशियन. नांदेडकडचे. बोईसरला बावीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच. मशीनमधून निघालेले आकडे आमच्या वेबसाइटवर चढवायचे, की ती प्रत्येक मुलाचा रिपोर्ट तयार करते, डॉक्टरांच्या यादीत टाकते आणि त्या गावच्या आशाताईंना मोबाइलवर निरोप धाडते. एका वेळी दहा-वीस असले की सगळं सुरळीत. आज एकदम एकशे चाळीस आले. स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहिलं. सरांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग पान पांढरं झालं.

"तेजल, तुझा कम्प्युटर झोपलाय का मेलाय, ते तरी सांग."

काय सांगणार? काही मुलांचे रिपोर्ट तीन-तीनदा तयार झाले, काहींचे एकदाही नाहीत. एका आशाताईला एकाच मुलाचा निरोप चार वेळा गेला. तिनं फोन करून विचारलं, या नावाची चार मुलं आहेत का आमच्या पाड्यावर?

सरांनी मशीनमधून निघालेल्या कागदी पट्ट्या कात्रीनं कापल्या आणि डिंकानं वहीत चिकटवत बसले. माझ्यावर भरवसा नाही हे दाखवायची ही त्यांची पद्धत. ठीक आहे. तसंही मी इथे तात्पुरतीच आहे. ऐरोलीच्या कंपनीनं मार्चमध्ये आमची अख्खी टीम काढली, म्हणून सातपाटीला घरी आले. पुण्यात कुठे जमलं की सुटले.

४ सप्टेंबर, गुरुवार

चुरी मॅडमनी बोलावलं. डॉ. उषा चुरी, हॉस्पिटलच्या प्रमुख. आवाज कधी चढत नाही आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

ठाण्याच्या ज्या कंपनीनं आमची वेबसाइट बनवली तिथला मनीष फोनवर होता. त्याचं म्हणणं, सर्व्हर लहान पडतोय, मोठा घ्या. किंवा सगळी व्यवस्थाच आमच्याकडे सोपवा, तुमच्याकडे माणूस ठेवायची गरजच उरणार नाही. हे तो माझ्यासमोर म्हणाला. म्हणजे फोनवर, पण मी तिथेच उभी होते.

मॅडम म्हणाल्या, "कळवते." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "तेजल, अकरा आश्रमशाळा आहेत. पाच हजारांवर मुलं. दिवाळी झाली की यांची घरं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलं आईबापांबरोबर जातात. त्यानंतर ती कुठे शोधायची? ज्या मुलाला हा आजार आहे त्याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांत अडकतात. थंडीत, उपाशीपोटी, पाणी कमी पडलं की जास्त. भट्टीवर तर तिन्ही गोष्टी. गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर ते मूल शाळेत बसू शकतं. दिवाळीआधी सगळे रिपोर्ट घरोघर पोचायला हवेत. तुला किती दिवस लागतील?"

मी तोंडाला येईल ते बोलले. तीन आठवडे.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या जागी कोणाला घ्यायचं त्याचीच नोंद असणार.

८ सप्टेंबर, सोमवार

सापडलं! सर्व्हर लहान नाहीये. त्याच्याकडून काम चुकीच्या पद्धतीनं करून घेतोय आपण.

सरांनी बटण दाबलं की वेबसाइट ते आकडे घेते, रिपोर्ट बनवते, यादीत टाकते, निरोप पाठवते, तो गेला का बघते, आणि हे सगळं संपल्यावरच सरांना "झालं" म्हणते. एकशे चाळिसांचं संपेपर्यंत तिचा दम निघतो. अर्ध्यात सोडून देते आणि कुठवर आलो होतो हेही विसरते.

यावर उपाय मेसेज क्यूचा. ऐरोलीत शेजारच्या टीमला हे करताना पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. दुपारच्या चहाला खंडेराव सरांना समजावत होते. वेबसाइटनं फक्त आकडे घ्यायचे, रांगेत ठेवायचे आणि लगेच सांगायचं, "मिळाले." दुसऱ्या सर्व्हरवर एक वेगळा प्रोग्राम बसवायचा. तो रांगेतून एकेक उचलील, रिपोर्ट बनवील, निरोप पाठवील, मग पुढचा.

सरांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसानंच आजवर पेशंट तपासायचा, सुई टोचायची, गोळ्या पण त्यानंच बांधायच्या, असं चालू होतं का?"

"हो. तसंच."

"मग मरंलच की तो." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि ही तुझी लाईन सांभाळणार कोण?"

"तीच स्वतःला सांभाळते."

"असं काही नसतंय," म्हणाले आणि उठून गेले.

१३ सप्टेंबर, शनिवार

शनिवार म्हणून लवकर सुटले आणि आईला घ्यायला बोईसरच्या बाजारात गेले. ती तिथे मासळी विकते. पापलेट संपलं होतं, बोंबील थोडे उरले होते. शेजारच्या टोपलीवाल्या मावशींनी मला पाहताच विचारलं, "काय गो तेजल, लागली काय तुझी लाईन? आता पोरांचे रिपोट हरवनार नाय ना?"

मी चाट पडले. हॉस्पिटलातली गोष्ट यांना कशी कळली? बोईसरात कोणाचं काय चाललंय ते लपून राहत नाही हेच खरं. आई मान खाली घालून बोंबील साफ करत होती. तिला यातलं काही कळत नाही. मी आपली रोज जेवताना बडबडते, ती नुसतं "हं" म्हणते आणि भात वाढते.

१७ सप्टेंबर, बुधवार

बसवलं. वेबसाइट आणि रांग पहिल्या सर्व्हरवर, काम करणारे तीन प्रोग्राम दुसऱ्यावर. पन्नास खोटे रिपोर्ट चढवले. दोन सेकंदांत "मिळाले" आलं आणि तीन मिनिटांत पन्नासच्या पन्नास तयार. मी खुर्चीतून उठून एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेले आणि परत आले. दुसरं काय करावं सुचलं नाही.

पुण्याच्या कंपनीचा मेल आला. तेवीस तारखेला दुपारी चारला व्हिडिओवर इंटरव्ह्यू. चांगली कंपनी आहे. तयारी करायला हवी.

२३ सप्टेंबर, मंगळवार

घरी आले ती थेट लिहायला बसले.

आज दोन शाळांचे मिळून दोनशे बारा रिपोर्ट होते. साडेतीनला सरांनी चढवले, लगेच "मिळाले" आलं. सर म्हणाले, "अरे वा." बावीस वर्षांत लॅबमध्ये कोणी त्यांच्या तोंडून "अरे वा" ऐकलं नसेल. रांग भराभर खाली येत होती आणि तेवढ्यात लाईट गेली. बॅटरीनं पाच मिनिटं धरलं, मग दोन्ही सर्व्हर बंद.

लाईट आली. सर्व्हर चालू केले. रांग उघडली. शून्य.

आधी वाटलं, झाली सगळी कामं. मग यादी पाहिली. दोनशे बारांपैकी अठ्ठेचाळीस. बाकीचे नाहीत. कुठेच नाहीत.

चूक माझीच आहे आणि ती एक नाही, दोन आहेत. रांग मी सर्व्हरच्या चालू आठवणीत ठेवली होती, डिस्कवर नाही. वीज गेली की ती आठवण पुसली जाते, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. दुसरी चूक त्याहून वाईट. काम करणाऱ्या प्रोग्रामनं रिपोर्ट हातात घेतला की लगेच रांगेतून तो खोडला जात होता. काम पुरं व्हायची वाट कोणी बघतच नव्हतं. घेतला, खोडला आणि मेला.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. आधीची वेबसाइट मोडायची तेव्हा निदान पान पांढरं व्हायचं. ती खोटं बोलत नव्हती. माझी "मिळाले" म्हणाली. आज रांगेतलं शून्य बघून मी यादी न मोजताच घरी गेले असते, तर कोणाला पत्ताही लागला नसता.

पावणेसहाला आठवलं, पुण्याचा इंटरव्ह्यू आज चारला होता. मोबाइलवर तीन मिस्ड कॉल. उद्या माफीचा मेल टाकीन.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी राजीनामा लिहून चुरी मॅडमकडे गेले. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, दोन्ही चुका सांगितल्या. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते कळलंय का?"

"कळलंय."

त्यांनी माझा राजीनामा घेतला, उलटा केला आणि पेनासकट माझ्यापुढे सरकवला. "मागची बाजू कोरी आहे. इथे लिही. मला समजेल अशा भाषेत."

मी पाच मुद्दे लिहिले. त्यांनी वाचले, तिसऱ्याखाली रेघ मारली ("काम पुरं झाल्याशिवाय रांगेतून खोडायचं नाही") आणि कागद आपल्या खणात ठेवला. पुढची बाजू त्यांनी वाचली की नाही कोण जाणे.

लॅबमध्ये गेले तर खंडेराव सर वही उघडून बसले होते. दोनशे बारा पट्ट्या, ओळीनं चिकटवलेल्या.

"बस," म्हणाले. "मी वाचतो, तू टाईप कर. घाई करू नकोस. लेकरांचे आकडे आहेत."

दुपारपर्यंत निम्मे झाले. मी म्हटलं, "सर, तुम्ही पट्ट्या ठेवल्या नसत्या तर?"

"तर पुन्हा शाळेत गेलो असतो आणि पुन्हा सुया टोचल्या असत्या. त्यांचा पण जीव आहे की."

२७ सप्टेंबर, शनिवार

आज परीक्षा झाली, आणि पेपर सरांनी काढला.

तीन दिवसांत सगळं नव्यानं बसवलं. रांग आता डिस्कवर लिहिली जाते. वेबसाइट "मिळाले" म्हणते ती लिहून झाल्यावरच, त्याआधी नाही. प्रोग्राम काम पुरं करतो, मग "झालं" कळवतो, मगच रिपोर्ट खोडला जातो. मध्येच मेला तर तो रिपोर्ट परत रांगेत येतो आणि दुसरा प्रोग्राम उचलतो. आणि एकाच ट्यूबच्या नंबराचा रिपोर्ट चुकून दोनदा आला तर दुसरा बाजूला काढला जातो, म्हणजे चार वेळा निरोप जायचा प्रश्न मिटला. लाईट आल्यावर सगळे प्रोग्राम आपोआप उठतात.

मी म्हटलं, वायर काढून बघते. सर म्हणाले, "तू काढलीस तर तू तयारीत असणार. मी काढतो. कधी काढीन ते सांगणार नाही."

तीनशे खोटे रिपोर्ट चढवले. खरी नावं वापरायची नाहीत म्हणून मी मासळीची नावं टाकली होती. सर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "हे सुरमई रावस घोळ कोणत्या शाळेतलं लेकरू आहे?" मी हसायला लागले आणि त्याच क्षणी त्यांनी खाली वाकून वायर उपटली.

सर्व्हर बंद. थांबलो. परत लावला. एकशे सत्त्याऐंशी शिल्लक होते आणि मोजणी तिथूनच पुढे सुरू झाली. शंभरावर आले असताना त्यांनी दुसऱ्या सर्व्हरची वायर काढली. मग नेटवर्कची केबल काढली, ती त्यांना ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

शेवटी यादी मोजली. तीनशे. एकही कमी नाही, एकही दोनदा नाही. सरांनी स्वतः बोटं लावून मोजली.

"लागली लाईन," म्हणाले. मला वाटतं ते खूश होते. चहा त्यांनी सांगितला.

६ ऑक्टोबर, सोमवार

आठ दिवसांत सोळाशे रिपोर्ट गेले. सगळे पोचले, एकोणीस सोडून. आणि ते एकोणीस हरवलेले नाहीत, हीच खरी गंमत. जो रिपोर्ट पाच वेळा प्रयत्न करूनही पुढे जात नाही तो आता एका वेगळ्या, बाजूच्या रांगेत जाऊन थांबतो. कोणीतरी माणसानं येऊन बघेपर्यंत तिथेच थांबतो.

मी एकेक उघडून बघितला. कुठे मोबाइलचा आकडा कमी, कुठे गावाच्या नावाच्या जागी जन्मतारीख. फोन करकरून अठरा मार्गी लावले. एकोणिसावा राहिला. पारू जिव्या, वय नऊ. गावाच्या रकान्यात नुसतं "पाडा". मोबाइल नऊ आकडी. त्याच शाळेत दुसरीही एक पारू. आणि निकालाच्या रकान्यात सिकलसेल. नुसती वाहक नाही, प्रत्यक्ष आजार.

आधीच्या वेबसाइटवर हा रिपोर्ट गुपचूप हरवला असता. कोणाला कळलंही नसतं की अशी एक मुलगी आहे.

शाळेच्या आसपासच्या चार आशाताईंना फोन लावले. तिसऱ्या नवसीताई. नवसी वरठा. मी नाव सांगताच म्हणाल्या, "जिव्या सांबऱ्याची पारू? हाय ना. माज्या पाड्याची नाय, वढ्याच्या पल्याडची. पोर शाळेत नाय आता. आजारी म्हनून बापानं घरी आनलीय."

मनीषचाही फोन आला. काय वापरलं, कसं बसवलं, सगळं विचारत होता. आमच्या आणखी दोन हॉस्पिटलांना हीच अडचण आहे म्हणाला. मी विचारलं, मॅडमनी तुम्हाला काय कळवलं शेवटी? तो म्हणाला, "त्यांनी तर त्याच दिवशी नको म्हणून मेल केला. चार सप्टेंबरला." मनीषची तारखेत काहीतरी गल्लत होत असावी. त्या दिवशी त्यांचा माझ्यावर अजिबात विश्वास नव्हता, मी समोर होते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पारूला बघून आलो.

हॉस्पिटलची जीप, मी आणि खंडेराव सर. रक्त पुन्हा घेऊन खात्री करायची म्हणून सर आले. खरं तर कोणालाही पाठवता आलं असतं, पण ते म्हणाले, "पट्टी मी बघितलीय, लेकरू पण मीच बघतो." नवसीताई रस्त्यावर थांबल्या होत्या. तिथून पुढे ओढा ओलांडून पायी.

जिव्या सांबरे भात कापत होता. विळा खाली ठेवून आला. पारू ओटीवर गोधडी घेऊन बसली होती, हाताची बोटं सुजलेली. सरांनी तिच्याशी इतक्या हळू आवाजात बोलत सुई टोचली की तिला ती लागली हे नंतर कळलं.

जिव्या म्हणाला, "दर थंडीत आसंच होतं बाई. भगताकडं नेली. खासगीत नेली, त्यानं सलाईन लावली. बरी झाली. मंग परत. काय हाय ते कोनी सांगितलं नाय."

नवसीताई त्याच्या शेजारी बसल्या. त्यांच्या बोलीत त्यांनी जे सांगितलं ते मला सगळं कळलं नाही, पण रक्त, विळा, गोळी हे शब्द कळले. समोरच पडलेला विळा उचलून त्यांनी बोटानं त्याचा वाक दाखवला. पारूची आई दारातून ऐकत होती. ती एकच बोलली, "मंग आमी काय वाईट नाय ना केलं?"

"नाय गो," नवसीताई म्हणाल्या. "रगतातच येतं. तुमची चूक नाय."

रोज एक गोळी, भरपूर पाणी, अंगावर ऊब. ताप आला किंवा छातीत दुखलं तर लगेच दवाखाना. जिव्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं.

"दिवाळी झाली का आमी भट्टीवर. भिवंडीकडं. तितं पोरीचं दुखलं तर तितल्या डाक्टरला मी काय सांगू? तुमच्या कागदाचं काय खरं नाय. भट्टीवर कागद टिकतो काय?"

परतताना मनोर गाव मागे पडल्यावर सर म्हणाले, "तेजल, कागदाच्या आधी पोचंल असं काहीतरी कर."

पुण्याला मेल टाकायचा राहिलाच.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

उद्यापासून शाळांना सुट्टी, त्यामुळे उरलेल्या सगळ्या ट्यूब कालपर्यंत गोळा झाल्या होत्या. आमच्या लॅबबरोबर आणखी पाच केंद्रांवर मशीनं चालू होती आणि सहाही ठिकाणांहून आजच रिपोर्ट यायचे होते. तेराशे शहाऐंशी. दीड महिन्यापूर्वी एकशे चाळिसांतच वेबसाइटनं मान टाकली होती.

अकराला सुरुवात झाली. सगळीकडून एकदम. रांग तीनशे, सहाशे, हजारावर गेली. मी तीनाचे सहा प्रोग्राम केले. वेबसाइट प्रत्येकाला शांतपणे "मिळाले" म्हणत होती. लॅबमधल्या मुली, दोन सिस्टर, केसपेपरचे कमलाकांत, हळूहळू सगळे माझ्या खोलीच्या दारात. पडद्यावर नुसता एक आकडा होता आणि तो खाली येत होता, पण क्रिकेट बघावं तसे बघत होते.

बारा चाळीसला लाईट गेली.

दारात कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. बॅटरी जाताजाता शेवटचा आकडा मी बघून ठेवला. आठशे तीन. बॅटरी संपली, पंखा थांबला, सर्व्हरचा आवाज थांबला. चुरी मॅडम गर्दीतून आत आल्या, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच. मी म्हटलं, "मॅडम, काही होणार नाही." माझाच आवाज, पण मला अनोळखी वाटला, इतका तो शांत होता.

सतरा मिनिटं. एकही माणूस हलला नाही. सर भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून.

लाईट आली. सर्व्हर उठले. मी एकाही बटणाला हात लावला नाही, मुद्दामच. पडदा उजळला.

आठशे तीन.

मग आठशे दोन. आठशे एक. आठशे.

कमलाकांतांनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. मी रडले. का ते माहीत नाही, काही बिघडलं नव्हतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी शून्य. बाजूच्या रांगेत चार, ते संध्याकाळपर्यंत फोनवर निपटले. एकूण हिशेब लावला. पाच हजार एकशे सात मुलं, पाच हजार एकशे सात रिपोर्ट. चारशे अडतीस वाहक. तेहतीस आजारी.

मी म्हटलं, "तेहतीस म्हणजे फार आहेत ना सर?"

"आजारी ती आधीपासूनच होती," सर म्हणाले. "आज तेहतीस लेकरांच्या दुखण्याला नाव मिळालं."

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. मॅडमनी बोलावून विचारलं, हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टच्या डहाणू आणि जव्हारच्या दवाखान्यांतही हेच बसवशील का. पत्र आधीच टाईप करून ठेवलं होतं. मी म्हटलं, मार्चपर्यंत नक्की थांबते. घरी येताना स्कूटरवर विचार करत होते, मी मार्च का म्हणाले? मार्चमध्ये काय आहे? काहीच आठवलं नाही.

भट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी एक नवी रांग सुरू केली आहे. तेहतिसांपैकी चौदा घरं बाहेर जाणार. प्रत्येकाला विचारून, त्यांची परवानगी घेऊन, नवसीताई आणि बाकीच्या आशाताईंनी कोण कुठे जाणार ते गोळा केलं. मॅडम त्या त्या भागातल्या सरकारी दवाखान्यांशी बोलल्या. कुटुंब निघालं की आशाताई एक बटण दाबतात आणि रिपोर्ट, गोळीचं प्रमाण, काय काळजी घ्यायची ते सगळं तिथल्या डॉक्टरांकडे जाऊन बसतं. तिकडून "मिळाला" आलं नाही तर तासातासानं पुन्हा जातं.

संध्याकाळी बाजारात आईला आणायला गेले तर ती एका गिऱ्हाइकाला सांगत होती, "आदी नोंद घेयाची. मंग एकेक करून काम करायचं. वीज गेली तरी लाईन मोडत नाय. आन जो अडकंल त्याला बाजूला बसवायचा, फेकायचा नाय." गिऱ्हाईक हातात पापलेट धरून ऐकत उभं. हे आईनं कुठे ऐकलं असेल? टीव्हीवर काहीतरी दाखवलं असणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन आठवडे जव्हारच्या सर्व्हरमध्ये गेले, लिहायला झालं नाही. आज मात्र लिहायलाच हवं.

दुपारी हॉस्पिटलच्या फोनवर माझ्या नावानं फोन आला. मागे ट्रकचे आवाज.

"बाई, मी जिव्या. पारूचा बाप."

मी विचारलं, "पारू कशी आहे?"

"बरी हाय आता. परवा सकाळी ताप चढला, पाय धरून रडाया लागली. तुमी सांगितलं व्हतं ना, तापाला थांबायचं नाय. मुकादमाच्या गाडीवर घातली आन दवाखान्यात नेली."

"कागद होता का बरोबर?"

"नाय ना! घाईत झोपडीतच ऱ्हायला. वाटंभर माज्या मनात तेच. आता डाक्टरला काय सांगू, कसं सांगू, ते सिकल का काय त्याचं नाव पन मला नीट येत नाय. दवाखान्यात रांग ही मोठी. पारूला उचलून हुबा ऱ्हायलो. खिडकीवरच्या पोरीनं नाव इचारलं, मी सांगितलं, पारू जिव्या सांबरे. तिनं कंपूटरात बघितलं आन उठून आतच पळाली. मी म्हनलं, काय झालं? तर डाक्टरबाईच भायेर आली."

तो थांबला. ट्रक जाऊ देत असावा.

"मग?"

"म्हनली, 'सिकलसेलची पारू ना? बोईसरवरून तुमचं सगळं आलंय माज्याकडं. आना तिला आत.' तिला गोळी ठावं, रगत ठावं, समदं ठावं. दोन दिस ठेवून घेतली, आज सोडली." जिव्या हसला. फोनवर त्याचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. "बाई, मला कायसुदा सांगायलाच लागलं नाय."